बाबांच्या खोलीतला केग

मी घरी बीअर करतो म्हटलं की लोक माझ्याकडे दोन प्रकारे बघतात. एक तर 'अरे वा, मग बोलावणं कधी?' असं, नाहीतर मी किचनमध्ये हातभट्टी लावलीय असं. म्हणून आधीच सांगतो, सिंगापूरमध्ये घरच्यापुरती केलेली चालते, विकायची मात्र नाही. तरी बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोलीस आले तर मी तुला ओळखत नाही."

सुरुवातीला मी बाटल्यांत भरायचो. वीस लिटर बीअर म्हणजे साठ बाटल्या. साठ बाटल्या धुवा, वाळवा, भरा, बुचं ठोका. चार महिन्यांत जीव मेटाकुटीला आला. मग पाच-पाच लिटरचे छोटे केग आणले. केग म्हणजे पत्र्याचा गोल डबा, आपल्याकडच्या तेलाच्या डब्यापेक्षा बुटका. वर रबरी बूच, बुचात गॅस सोडायला एक लाल खटका, आणि तळाशी ओढून बाहेर काढायची तोटी. भरताना त्यात मोजून साखर घालायची. बीअरमध्ये उरलेलं यीस्ट ती साखर खातं, त्याचा गॅस होतो, तो आत मुरतो आणि बीअरला फेस येतो. झालं! पिशवीत घालून समुद्रावर न्या, तोटी ओढा, मित्रांचे ग्लास भरा. डब्याला साखर वीस ग्रॅम. वीस म्हणजे वीस. बाकी सगळ्या बाबतीत मी आळशी माणूस आहे, पण ही साखर मी सोनाराच्या काट्यावर तोलावी तशी तोलतो.

हे सगळं सांगायचं कारण बाबा.

गेल्या वर्षी नाशिकला आई गेली. बाबा एकटे राहिले, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दिवस झाल्यावर दोनच महिन्यांत जिन्यात पडले, आणि तेही मला शेजाऱ्यांकडून कळलं, त्यांनी सांगितलंच नाही. मी जाऊन त्यांना उचलून आणलं म्हटलं तरी चालेल. सेरंगूनला आमचा भाड्याचा फ्लॅट आहे, त्यातली एक खोली रिकामी केली. त्यांच्यासाठी लाँग टर्म व्हिजिट पास काढायचा, म्हणजे ते इथेच राहतील, असं मी आणि बायकोने ठरवलं होतं. फॉर्म भरून तयार होता, फक्त त्यांची सही हवी होती. मी विचारलं की बाबा म्हणायचे, "बघू." सहा महिने 'बघू' चाललं होतं. मध्ये एकदा साध्या व्हिजिट पासाची मुदत संपत आली म्हणून नाशिकला जाऊन आले, तेव्हा परत येतात की नाही याचीच मला धास्ती. आले. पण 'बघू' तसंच.

माझे बाबा म्हणजे कागद कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये सदतीस वर्षं काढलेला माणूस. वाफेच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. लहानपणी माझा कंगवा जागेवर नसला तर चार घरांना ऐकू जायचं. आणि इथे हा माणूस पाहुण्यासारखा वागायला लागला. चहा कसाही असो, "छान झालाय." भाजीत मीठ नसलं तरी, "छान झालीय." फोन कायम सायलेंटवर, आपल्यामुळे कुणाला त्रास नको. बॅग तर त्यांनी रिकामी केलीच नव्हती. धुतलेले कपडे घडी करून पुन्हा बॅगेतच जायचे. कपाट रिकामं, हँगर लोंबकळतायत. ती बॅग बघितली की मी नजर दुसरीकडे वळवायचो. मग मीही त्यांच्याशी जपून बोलायला लागलो. "बाबा, झोप झाली का नीट? बाबा, काही हवं नको?" असलं हॉटेलच्या मॅनेजरसारखं. घरात नुसता सभ्यपणाचा सुळसुळाट.

फक्त एका गोष्टीत ते जरा खुलायचे. माझ्या बीअरमध्ये. पिण्यात त्यांना काडीचा रस नाही. पण बंद भांड्यात दाब तयार होतो म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. पत्रा किती जाड, बूच किती दाबाला उडेल, हे सगळं विचारून झालं. मीही हुरळून शिकवायला लागलो. एकदा मी केगमध्ये साखर घालायला विसरलो होतो आणि सगळी बीअर मोरीत ओतायला लागली होती, तो किस्सा त्यांना रंगवून सांगितला. "साखर विसरली की संपलं बाबा, सगळी मेहनत पाण्यात." त्यांनी मान डोलावली. ही मान पुढे आम्हाला चांगलीच महागात पडणार होती.

त्या रविवारी मी एक केग भरला. साखर तोलली, पाण्यात उकळली, गार करून केगमध्ये ओतली आणि बूच लावायच्या आधी खाली कचरा टाकायला गेलो. परत येऊन बघतो तर बूच लागलेलं. बाबा म्हणाले, "मी लावलं." म्हटलं वा, मदत केली. केग त्यांच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी ठेवला, कारण तिथे दिवसभर एसी असतो. निदान मी तसं समजत होतो. दुपारी शिऱ्यासाठी काढून ठेवलेली साखर कुठे गेली म्हणून बायकोने मुलीला धरलं. मुलगी म्हणाली, "आय डिडन्ट टच लाह!" आणि पाय आपटत खोलीत गेली. शिऱ्याला दुसरी साखर घेतली. विषय संपला.

बुधवारी मी कामावर होतो, तुआसला. आमचा कारखाना बेटाच्या पार पश्चिम टोकाला, आणि घर इकडे. दुपारी मीटिंग होती, फोन उलटा ठेवलेला. दोन वाजता उचलला तर बाबांचा मेसेज, एकचा. सोबत फोटो. खाली लिहिलेलं जसंच्या तसं सांगतो: "तुझा डबा खालून असा गोल झाला आहे. असाच असतो का? काही घाई नाही. सवड झाली की सांग."

मी फोटो मोठा करून बघितला आणि खुर्चीवरून उठलोच. केगचा तळ आत वळलेला असतो. फोटोत तो बाहेर फुगून पुरीसारखा टम्म झाला होता, केग एका बाजूला कलला होता आणि बाजूचा पत्राही ताणल्यासारखा दिसत होता. असे केग फुटतात. पत्रा फाटतो, बूच गोळीसारखं सुटतं. माझ्या ओळखीतल्या एकाच्या किचनच्या टाइल्स फुटल्या होत्या. आणि बाबा रोज जेवून दीड ते तीन झोपतात, त्याच पलंगावर, पाय त्या केगच्या दिशेला करून.

फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाहीत. सायलेंटवर! पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. बायकोला लावला, ती मरिना बेला ऑफिसमध्ये, "प्रेझेंटेशन चालू आहे, संपलं की निघते" एवढंच म्हणाली. मुलगी शाळेत. समोरच्या दारात एक चिनी मावशी राहतात, रोज लिफ्टमध्ये हसतात, आठ वर्षं झाली. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. त्यांचं नावही मला माहीत नाही. च्यायला, काय माणूस आहे मी! साहेबांना म्हटलं, वडिलांची तब्येत, आणि सुटलो.

तुआसला दुपारी टॅक्सी मिळणं म्हणजे नवस. मिळाली एकदाची. टॅक्सीवाले अंकल आरशात बघून म्हणाले, "व्हाय यू सो स्केअर्ड?" आता सांगू काय? घरात बीअरचा बॉम्ब आहे असं या देशात टॅक्सीत बसून म्हणायचं? मी म्हटलं, "माय फादर. अलोन अ‍ॅट होम." अंकलनी रेडिओ बंद केला आणि लेन बदलली. त्या पाऊण तासात मी काय काय मनात आणलं ते लिहवत नाही. सारखं एकच, मी या माणसाला नाशिकहून त्याच्या मर्जीविरुद्ध उचलून आणलं, आणि पलंगाच्या पायथ्याशी हे ठेवलं. जिन्यात पडले होते तेव्हा निदान शेजारी तरी होते.

लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबते न थांबते तोच मी पळालो. दार उघडलं. घर शांत. बाबांची खोली उघडी, पलंग रिकामा, चादर तशीच नीट. केग नाही. खोलीत उकाडा, एसी बंद. "बाबा!" मी असा ओरडलो की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"अरे, इकडे आहे. ओरडतोस कशाला?"

इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. युद्ध झालं तर लपायला. बॉम्ब शेल्टरच म्हणतात तिला. युद्ध काही होत नाही, म्हणून सगळे तिच्यात व्हॅक्यूम क्लीनर आणि जुन्या बॅगा कोंबतात. त्या खोलीचं दार घट्ट लावलेलं होतं आणि त्यासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बाबा बसले होते. डोक्यावर नातीचं सायकलचं जांभळं हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली लावलेला. हातात ओला टॉवेल.

मी भिंतीला टेकलो. हसू आलं की रडू, मला खरंच सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच आलं.

"काम टाकून यायची काही गरज नव्हती," बाबा म्हणाले.

"तुम्ही उचललात तो केग?"

"मग काय चालत येणार होता? पांघरुणात गुंडाळून आणला. बादलीत ठेवलाय, फ्रीजमधला सगळा बर्फ ओतलाय. दीड तास झाला. अजून अर्धा तास कुणी दार उघडायचं नाही."

"मी बुचाचा खटका फिरवून गॅस सोडतो." मी दाराकडे निघालो.

"मागे हो!" बाबा गरजले. गरजलेच. "गरम भांड्याचं झाकण काढतात का? बुचावर तोंड आणून उभा राहणार होतास ना? एवढा शिकलास, अक्कल कुठे गहाण टाकलीस? बस खाली!"

मी बसलो. पन्नाशीला आलेला माणूस, कारखान्यात माझ्या हाताखाली वीस जण आहेत, निमूट जमिनीवर मांडी घालून बसलो. आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं!

अर्ध्या तासाने त्यांनी दार उघडलं. मला लांब उभं केलं. स्वतः बाजूने वाकले, बुचावर ओल्या टॉवेलची जाड घडी धरली, आणि खटका केसभर फिरवला. फुस्स. थांबले. पुन्हा केसभर. थांबले. मी असतो तर एकदाच फिरवून मोकळा झालो असतो. त्यांच्या हातांना सदतीस वर्षांची सवय, त्यांना घाई म्हणून नव्हतीच. पाऊण तास हे चाललं. टॉवेलमधून फेस आला, बाबांच्या सदऱ्यावर उडाला, भिंतीवर उडाला, माझ्या जुन्या बॅगांवर ओघळला. शेवटी तळातून 'टण्ण' असा मोठ्ठा आवाज झाला आणि पत्रा परत आत गेला. बाबांनी हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं. म्हणाले, "आता काही होत नाही."

मी इतका वेळ श्वास कुठे ठेवला होता कोण जाणे. छाती भरून हवा घेतली, बीअरच्या वासाची.

"पण झालं कसं?" मी म्हटलं. "वीस ग्रॅमने असं होणंच शक्य नाही."

बाबा टॉवेल पिळत बसले. मग म्हणाले, "ओट्यावर वाटीत साखर होती. मला वाटलं तू घालायला विसरलास. कोमट पाण्यात विरघळवून मी घातली."

"शिऱ्याची? ती अख्खी वाटी?"

"तुझा डबा केवढा, साखर किती लागते, मला काय माहीत."

"मग विचारायचं ना!" माझा पारा चढला. दुपारभराची भीती सगळी तोंडातून बाहेर पडली. "मला विचारायचं! नाहीतर सांगायचं तरी, की बाबा रे, तू विसरलायस! आणि एसी का बंद करता? इतकी गरम खोली, त्यानेच अजून भडकलं ते! आणि असा मेसेज लिहितात? सवड झाली की सांग? मेला असतात, बाबा!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. वडिलांसमोर असं मी उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. "सुनेसमोर तुझी चूक काढायला नको म्हटलं," ते म्हणाले. "आणि एकट्या माणसासाठी दिवसभर एसी कशाला? तुमचं घर आहे."

"तुमचं नाही?"

मला वाटलं आता पुन्हा 'बघू' येणार. पण नाही. त्यांनी टॉवेल बादलीवर टाकला आणि म्हणाले, "बोलू का मग? तू बोललास, आता मी बोलतो."

आणि सुरू झाले. चहा सकाळी सहाला लागतो, साडेआठला नाही. शनिवार-रविवारी तुम्ही नऊपर्यंत लोळता आणि मी तीन तास गॅसकडे बघत बसतो, कारण तुमच्या शेगडीला हात लावावा की नाही मला कळत नाही. उशी पाण्याने भरल्यासारखी आहे. बाथरूमची कडी लागत नाही, मी सहा महिने आत खोकत बसतो. आमटीत गूळ कोण घालतं? नात माझ्याशी इंग्रजीत बोलते आणि तुम्ही दोघं ऐकून हसता. इथे राहायचं असेल तर हे चालायचं नाही, आणि ते कपाट वाजतं, त्याची बिजागरी आधी नीट कर, म्हणजे मला कपडे लावता येतील.

मी बोटांवर मोजल्यासारखं करत होतो, पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. 'इथे राहायचं असेल तर.' मी एकेका तक्रारीला "हो बाबा", "करतो बाबा" म्हणत होतो. अजून सांगा, असं मनात चाललं होतं. अजून दहा सांगा.

तक्रारी संपल्या असं वाटलं. बाबा भिंतीवरचा फेस बोटाने पुसत होते.

"आणि तुझी आई," ते म्हणाले.

मी वर बघितलं.

"तिचं नाव कुणी काढत नाही या घरात. एकदाही नाही. मी काढलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मीही काढत नाही. खोलीत एकटाच बसून आठवतो. आता आठवायलाही भीती वाटते, तिचा आवाज विसरेन की काय."

खरं होतं. मीच ठरवलं होतं. बाबा आले त्या दिवशी बायकोला आणि मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आजीचा विषय काढू नका, आजोबांना त्रास होईल. मला वाटलं होतं मी त्यांना जपतोय. मग जे तोंडात आलं ते बोललो.

"बाबा, परवा मी कांदा चिरत होतो. एकदम म्हटलं, आई, तेल तापलं का बघ गं. मोठ्याने म्हटलं. किचनमध्ये कुणीच नव्हतं." हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"मी रोज हाक मारतो," बाबा म्हणाले. "चहाच्या वेळेला."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बायको धापा टाकत आत आली, पर्स खांद्यावरून घसरलेली. समोर तिला दिसलं ते असं: जमिनीवर बीअरचं तळं, त्यात मी फतकल मारून बसलेलो, शेजारी बाबा, दोघांचे डोळे लाल.

"अगं बाई, काय झालं? प्यायलात की काय दोघं?"

बाबांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं. "ये गं, बस," ते म्हणाले. "तुझ्या सासूबद्दल बोलतोय."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. स्टूल बाजूला केलं आणि चपला न काढताच आमच्याजवळ ओल्यात खाली बसली.